ठाण्यात एक क्लायंबिंग जिम चालली, आता तीन शाखा काढायच्या का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ दोन मित्रांची बोल्डरिंग जिम (दोरीशिवाय, खाली मॅट ठेवून कमी उंचीच्या भिंतीवर चढायची) तीन वर्षं सुरू आहे. संध्याकाळी गर्दी असते, शनिवार-रविवारी पोरांच्या बॅचला वेटिंग लागतं. आता एक गुंतवणूकदार म्हणतोय की दीड वर्षात ऐरोली, खारघर आणि कल्याण अशा तीन शाखा काढा, पैसे मी घालतो. तर पैसे घ्यावेत का, पहिली शाखा कुठे काढावी, आणि नव्या शाखेत बोल्डरिंगसोबत दोरीची उंच भिंतही घ्यावी का?

आधी उत्तर सांगून टाकतो. तीन नको, एक काढा. ती ऐरोलीत नको, बेलापूर-नेरूळकडे काढा. दोरीची भिंत सध्या नको. आणि हे सगळं करण्याआधी तुमच्याकडे तुम्हा दोघांशिवाय किमान दोन सेटर, म्हणजे भिंतीवर होल्ड (हाता-पायाचे आधार) लावून चढायचे मार्ग रचणारे, पूर्णवेळ पगारावर हवेत. मी स्वतः सेटिंगमधून या धंद्यात आलोय आणि आता जिम उभारणाऱ्यांना सल्ला देतो, त्यामुळे माझी नजर भिंतीच्या मागच्या बाजूची आहे. पैशाच्या बाजूने बघणारा माणूस कदाचित वेगळं सांगेल.

गुंतवणूकदाराच्या एक्सेलमध्ये भिंत हा एकदाच करायचा खर्च असतो. लोखंडी सांगाडा, १८ मिलिमीटरचा प्लाय, टी-नट (होल्डचा बोल्ट ज्यात बसतो ते), रंग, मॅट, होल्ड, झालं. तीन शाखा म्हणजे हा आकडा गुणिले तीन. गफलत इथेच होते. भिंत म्हणजे नुसतं गडकरी रंगायतन आहे. लोक खुर्च्या बघायला येत नाहीत, प्रयोग बघायला येतात, आणि तोच प्रयोग तीन महिने लावला तर पहिल्या रांगेतला रसिकही उठून जातो. तुमचे जे मेंबर आठवड्याला तीनदा येतात ते भिंतीवर नवं काय लागलंय म्हणून येतात.

आता हिशेब करू. समजा तुमच्याकडे ८० प्रॉब्लेम (चढायचे मार्ग) आहेत आणि दर सहा आठवड्यांनी सगळी भिंत एकदा फिरते, म्हणजे नव्याने लागते. म्हणजे आठवड्याला १३-१४ नवे प्रॉब्लेम. जाणता सेटर दिवसाला चार नीट करतो. नीट म्हणजे लावायचं, स्वतः चढून बघायचं, दुसऱ्याला चढवायचं, मग सुरुवातीचा होल्ड बुटक्या माणसाच्या हाताला येतो का, शेवटच्या मूव्हला कोणी आडवं होऊन पडेल का, हे बघून परत बदलायचं. झाले साडेतीन सेटर-दिवस. जुने होल्ड काढणं, धुणं, भिंत पुसणं, सैल होऊन फिरणारे होल्ड घट्ट करणं, खराब झालेले टी-नट बदलणं यात आणखी दीड दिवस. म्हणजे एका जिमला आठवड्याला पाच सेटर-दिवस. आज हे तुम्ही दोघं आणि एखादा अर्धवेळ मुलगा मिळून करत असणार, बहुधा सोमवारी जिम बंद ठेवून आणि मंगळवारी रात्री जागून.

ठाण्यासकट चार जिम झाल्या की हेच २० दिवस होतात. एक माणूस आठवड्याला फार तर चार दिवस सेट करू शकतो. त्यापुढे खांदे, बोटं आणि पाठ बोलायला लागतात. शिडीवर उभं राहून डोक्यावर १० किलोचा व्हॉल्यूम (भिंतीवर बसवायचा मोठा उंचवटा) धरून इम्पॅक्ट ड्रायव्हर चालवणं हे बांधकामावरचंच काम आहे. म्हणजे पाच सेटर, शिवाय कोणी आजारी पडलं तर एक वरचा. हे सहा जण आणायचे कुठून? आपल्याकडे व्यावसायिक सेटिंग शिकवणारी शाळा नाही. जे येतात ते स्पर्धेतून येतात, म्हणजे इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनच्या विभागीय आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली पोरं. ती चढतात उत्तम. पण व्ही-७ चढणाऱ्या पोराला व्ही-१ लावता येतोच असं नाही (व्हीपुढचा आकडा जितका मोठा तितका प्रॉब्लेम अवघड). त्याला वाटतं की मोठे होल्ड लावले की सोपं झालं. पहिल्यांदाच आलेली आठ वर्षांची मुलगी आणि चाळिशीतले बँकवाले काका, दोघांनाही तिसऱ्या प्रयत्नात जमेल आणि जमल्यावर खाली उडी मारून टाळी द्यावीशी वाटेल, असा प्रॉब्लेम लावणं हे माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. तुमची जिम चालते ती तिथे चालते, अवघड कोपऱ्यातल्या ४५ अंशांच्या ओव्हरहँगवर (बाहेर झुकलेल्या भिंतीवर) नाही.

म्हणून सेटर घडवावे लागतात, आणि त्याला निदान वर्ष-दीड वर्ष जातं. पहिले काही महिने स्ट्रिपिंग (जुने होल्ड उतरवणं) आणि धुणं, मग जुन्या सेटरने लावलेल्यात एक-दोन होल्ड बदलून बघणं, मग लहान मुलांची भिंत, मग हळूहळू बाकीचं. पगार असा द्या की तो बंगळूरला जाणार नाही. चार दिवस सेटिंग, एक दिवस कोचिंग, वैद्यकीय विमा, डोळ्यांचा गॉगल आणि कानाचं संरक्षण, हे पहिल्या दिवसापासून. निदान एक मुलगी सेटर असू द्या. साडेपाच फुटांच्या चार पुरुषांनी लावलेल्या भिंतीवर मुलींची संख्या वाढत नाही, आणि मग मालक म्हणतो की आपल्याकडच्या मुलींना आवड नाही.

गुंतवणूकदाराला हे सांगाल तेव्हा तो म्हणेल, बाहेरच्या देशांत साखळ्या कशा झाल्या मग? त्याला सांगा की नीट बघ. अमेरिकेत आज मूव्हमेंट नावाची मोठी साखळी दिसते. तिच्या पोटात कॅलिफोर्नियाची प्लॅनेट ग्रॅनाइट आणि मेरीलँडची अर्थ ट्रेक्स आहेत. दोन्ही नव्वदच्या दशकापासून आपापल्या भागात एकेक जिम करत वाढल्या, आणि २०१८ मध्ये भांडवलवाले मध्ये पडून त्या एकत्र झाल्या. म्हणजे पैसा आला तो आधी पिकलेल्या जिममध्ये आला. जर्मनीत तर उलटंच आहे. तिथे अल्पाइन क्लबच्या स्थानिक शाखांनी मिळून दोनशेहून जास्त हॉल चालवलेत, त्यांची एक साखळी अशी नाही. जो तो क्लब आपल्या गावची भिंत सांभाळतो. आपल्याकडे गिरिविहारसारखी १९५४ पासूनची संस्था किंवा मुलुंडचे चक्रम हायकर्स बघितले तर तो पोत जर्मनीच्या जवळचा वाटतो. पण आपल्याकडे क्लबकडे जागा नसते आणि जागावाल्याकडे क्लब नसतो.

क्लबांचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज. ट्रेकिंगवाला हा तुमचा हुकमी ग्राहक आहे असं गृहीत धरू नका. मुंब्र्याच्या कातळावर किंवा बेलापूरच्या टेकडीवर फुकट चढणाऱ्याला पाचशे रुपयांचं तिकीट टोचतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही. तो येतो तो लिंगाणा किंवा वानरलिंगीसारख्या सुळक्याचा बेत ठरला की, महिनाभरासाठी. त्याचं स्वागत करा, त्याच्याकडून तुमच्या कोचांना दोरकाम शिकायला मिळेल. पण शाखेचं गणित त्याच्यावर मांडू नका. तसंच ऑलिंपिकचं. स्पोर्ट क्लायंबिंग टोकियोला आलं, पॅरिसला स्पीडचं पदक वेगळं झालं, २०२८ ला लॉस एंजेलिसला बोल्डर, लीड (दोरीने उंच चढणं) आणि स्पीड तिन्ही वेगळे होतील. पालकांना सांगायला ही गोष्ट चांगली आहे. पण नवी मुंबईने याहून मोठी गोष्ट घरात बघितली आहे: २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा वर्ल्ड कप वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला झाला. जगातले अव्वल खेळाडू वाशी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर चढून गेले, आणि तरी त्यामुळे वाशीत जिमची रांग लागली नाही. स्पर्धा दोन दिवसांत संपते. रोज संध्याकाळी पाच वाजता पोराला घेऊन येणारी आई ही वेगळी गोष्ट आहे आणि तुमचा धंदा तिच्यावर आहे.

आता जागा.

तुमच्या सॉफ्टवेअरमधून मेंबरांच्या पिनकोडची यादी काढा. माझा अंदाज आहे की ४००६०७ आणि ४००६१५ मिळून मोठा हिस्सा निघेल, म्हणजे मानपाडा, कोलशेत, कासारवडवली. थोडे नौपाडा-पाचपाखाडीचे. मग ४००७०८ बघा, तो ऐरोलीचा. तिथून जर आत्ताच बरे लोक येत असतील तर ऐरोलीत शाखा काढून तुम्ही नवे मेंबर मिळवणार नाही, आहेत तेच दोन ठिकाणी वाटाल. ठाणे स्टेशनहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली मधलं दिघा गाव सोडलं की आलीच. ठाणे स्टेशनजवळ राहणारा माणूस घोडबंदरच्या ट्रॅफिकपेक्षा ऐरोलीची लोकल पसंत करेल. मग ठाण्याची जिम रिकामी, ऐरोलीची अर्धी, आणि भाडी दोन. शिवाय ऐरोलीचा जो वर्ग गुंतवणूकदाराच्या डोळ्यांसमोर आहे, माइंडस्पेसमधला आयटीवाला, तो मंगळवार ते गुरुवार दिसतो आणि शुक्रवारी दुपारी घरून काम करतो. शनिवारी तिथे पालक हवेत, आयडी कार्डवाले नकोत.

खारघर मला वाईट वाटत नाही. शाळा भरपूर, सोसायट्या मोठ्या, तरुण कुटुंबं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूर-पेंधर मेट्रोही आहे. पण ठाण्याहून ते दूर पडतं. सेटर, होल्ड, व्हॅन सगळं आठवड्यातून दोनदा मानपाड्याहून खारघरला न्यायचं तर एक दिवस रस्त्यातच जातो. बेलापूर-नेरूळ पट्टा मधला आहे. तिथे हार्बर आणि ट्रान्स-हार्बर दोन्ही लागतात, उरणची गाडीही तिथूनच सुटते, पाम बीच रोडने वाशी-सानपाडाही हाताशी येतं. खारघरवाला मेट्रोने उतरून येईल. नेरूळवाला खारघरला जाणार नाही. आणि टेकडीवरचे कातळ जवळ असल्याने पावसाळा सोडून महिन्यातून एक रविवार मेंबरांना खऱ्या दगडावर नेता येतं. तेवढ्यासाठी मेंबरशिप चालू ठेवणारे लोक मी पाहिलेत.

कल्याणबद्दल थोडक्यात: बाजार आहे, स्वस्तही आहे, पण तुमच्या दोन्ही ठिकाणांपासून तो तिसऱ्याच दिशेला आहे. बेलापूर स्थिरावल्यावर बघा.

वाशीत मॉलमधली जागा कोणी दाखवेल. मॉलमध्ये लोक काचेतून बघतात, फोटो काढतात, एकदा चढतात आणि जातात. भाडं मात्र दर महिन्याला येतं. तुर्भे-महापेच्या एमआयडीसीत उलट: उंच शेड स्वस्तात मिळते, दोरीच्या भिंतीलाही पुरेल एवढी, पण रात्री आठनंतर तिथे ट्रक आणि कुत्री. सात वर्षांच्या मुलाला घेऊन कोणी येणार नाही. शिवाय औद्योगिक भूखंडावर क्रीडा-व्यवसाय चालेल का आणि पोटभाडेकरू ठेवायला परवानगी आहे का, हे मालकाच्या तोंडी शब्दावर मानू नका. सिडकोच्या लीजवरच्या इमारतींतही वापराचा प्रकार आणि महापालिकेची अग्निशमन एनओसी सही करण्याआधी कागदावर बघा. करार नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सचा करा. लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) तुमच्या बाजूने कमी आणि मालकाच्या बाजूने जास्त मागा; तो हसेल, पण मागा, कारण लोखंडी सांगाडा उचलून दुसरीकडे नेणं हे सोफा हलवण्याइतकं सोपं नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि दोन वर्षांनी भाडं वाढवताना तो ते वापरतो.

उंचीचा मुद्दा गाळा बघण्याआधीच दलालाला सांगा, नाहीतर पन्नास गाळे फुकट बघाल. बोल्डरिंगची भिंत चार ते साडेचार मीटर, तिच्या खाली ३०-४० सेंटिमीटरची मॅट, वर चढून बसणाऱ्या माणसाचं डोकं आणि लाइट-पंख्यांची जागा. साडेपाच मीटर मोकळी उंची मिळाली तर बघा. साध्या व्यापारी गाळ्यात ती नसते, डबल हाइटवाला शोधावा लागतो. मधे खांब असतील तर प्रत्येकाभोवती पडण्याची जागा वाया जाते. ओव्हरहँगच्या टोकापासून मागे दोन-अडीच मीटर मोकळी मॅट हवीच. पहिल्या मजल्यावरची जागा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून भार तपासून घ्या, कारण सांगाडा स्लॅबला फक्त उभा दाबत नाही, माणूस लोंबकळला की ओढतोही.

आणि पाऊस. ठाण्यात हंगामात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. युरोपचे कॅटलॉग बघून जिम उभारणाऱ्यांना जुलैत काय होतं ते कळत नाही. होल्डवर दमटपणा बसतो, चॉकचा (हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरचा) चिखल होतो, भाड्याच्या शूजना बुरशी येते, प्लायच्या कडा फुगतात, साधे टी-नट गंजून बोल्ट आतच अडकतो. तुमच्या पहिल्या जिममध्ये हे सगळं तुम्ही भोगलंच असणार. दुसरीत बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा प्लाय घ्या, प्लायच्या मागच्या बाजूला आणि कडांनाही सीलर मारा, पावसाकडच्या भिंतीवर स्टेनलेसचे टी-नट बसवा आणि डीह्युमिडिफायर बजेटमध्ये पहिल्याच दिवशी धरा. नुसता एसी पुरत नाही. पत्र्याची शेड असेल तर मे महिन्यात ती भट्टी होते आणि जुलैत पावसाच्या आवाजात कोचला ओरडावं लागतं. वर इन्सुलेशनचा खर्च मालक करणार की तुम्ही, हे आधी ठरवा.

पाऊस एका बाजूने फायद्याचाही आहे. दगड ओला असतो तेव्हा बाहेर चढणारे सगळे आत येतात. बोल्डरिंग जिमचं वर्ष आपल्याकडे साधारण असं जातं: एप्रिल-मे सुट्टीच्या शिबिरांनी भरलेलं, जून-जुलै बरं, गणपतीत शांत, दिवाळीत ओस, नोव्हेंबर ते जानेवारी मोठ्यांचा हंगाम, आणि फेब्रुवारी-मार्च परीक्षांमुळे पोरांच्या बॅच गळतात. दुसरी शाखा मार्चच्या शेवटी उघडा. ऑक्टोबरमध्ये उघडली तर तीन आठवड्यांत दिवाळी येते, आणि पहिला महिना रिकामा बघून गुंतवणूकदाराचा फोन सुरू होतो.

पैशाचा अंदाज तुम्ही तुमचे आकडे टाकून करा, मी फक्त पद्धत दाखवतो. समजा ५,००० चौरस फूट, भाडं चौरस फुटाला ७० रुपये. महिन्याला साडेतीन लाख. मेंबरशिप साडेतीन हजार धरली तर पहिले १०० मेंबर नुसत्या भाड्याला. वीज, पगार, सेटिंग, होल्ड, सॉफ्टवेअर यांसाठी पुढचे. इथे बहुतेक जण एकूण मेंबरसंख्या बघतात. मी दोनच गोष्टी बघतो: पहिल्यांदा आलेल्यांपैकी महिन्याभरात तिसऱ्यांदा किती आले, आणि वर्ष संपल्यावर किती जणांनी पुन्हा पैसे भरले. पहिला आकडा वाईट असेल तर सोपे प्रॉब्लेम किंवा काउंटरवरचा माणूस वाईट आहे. दुसरा वाईट असेल तर सेटिंग शिळं झालंय. वाढदिवसाच्या पार्ट्या आणि कंपन्यांच्या सहली यांचा पैसा चांगला, घ्यावा. पण तो या दोन आकड्यांवरचं पांघरूण होऊ देऊ नका. तुमच्या वेटिंग लिस्टमध्ये पोरांच्या बॅच किती आणि मोठे मेंबर किती, ते वेगळं करून बघा. वेटिंग फक्त शनिवारच्या बॅचचं असेल तर त्यावर इलाज आणखी एक कोच आणि रविवार सकाळची बॅच हा आहे, नवी शाखा नाही.

जीएसटीचं एक प्रकरण सीएकडे जाऊन लेखी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि फिटनेस सेंटरवरचा दर १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय. मेंबरला स्वस्त पडतं हे चांगलं. पण नव्या शाखेत सांगाडा, मॅट, आयात होल्ड यांवर भरलेला कर मग वळता करून घेता येत नाही, तो थेट खर्चात जातो. तुमची सेवा नेमकी कोणत्या वर्गात बसते यावर सगळं अवलंबून आहे आणि त्यावर उभारणीचा खर्च बराच हलतो. गुंतवणूकदाराच्या एक्सेलमध्ये ही ओळ आहे का ते विचारा. बहुतेक नसेल.

साखळीचा खरा फायदा कुठे आहे, तेही सांगतो, नाहीतर वाटेल मी नुसता मोडता घालतोय. होल्डमध्ये आहे. चांगले पॉलियुरेथेनचे होल्ड महाग, आयात केले तर आणखी महाग, आणि मेंबर दोन फेऱ्यांत ते ओळखायला लागतात. दोन जिम असल्या की एकच साठा फिरतो. ठाण्यात सहा आठवडे लावलेला निळा संच धुऊन बेलापूरला जातो आणि तिथे तो नवा असतो. तिथला लाल इकडे येतो. एकाच खर्चात दोन भिंती ताज्या. सेटरही फिरतात, आणि सेटर फिरला की त्याच्या हाताची सवय मोडते. फक्त ग्रेड, म्हणजे रंगावरून सांगितलेला अवघडपणा, जुळले पाहिजेत. ठाण्याचा पिवळा बेलापुरात हिरवा वाटला तर मेंबर पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलतो. महिन्यातून एकदा दोन्हीकडचे सेटर एकमेकांच्या भिंतीवर चढून बघतील असा दिवस ठरवा. एका मेंबरशिपवर दोन्ही जिम खुल्या ठेवा, जास्तीचे पैसे लावू नका.

दोरीची भिंत का नको? उंची, भाडं आणि माणसं. ऑटो बिले (चढणाऱ्याला वरून आपोआप धरून ठेवणारं यंत्र) लावले तर कोच कमी लागतो हे खरं, पण ती यंत्रं वर्षातून एकदा उत्पादकाच्या अधिकृत केंद्रातून तपासून घ्यावी लागतात. पाठवणं, कस्टम, परत येणं यात लेन बंद राहते, म्हणून एक यंत्र जादा ठेवावं लागतं. ऑटो बिलेवरचा सगळ्यात वाईट अपघात यंत्र बिघडून होत नाही, माणूस क्लिप न करताच चढायला लागतो म्हणून होतो, आणि तो सहसा नवशिक्या नसतो, रोजचा असतो. भिंतीच्या पायथ्याशी वाट अडवणारं गेट आणि काउंटरवरून नजर दोन्ही हवीत. बोल्डरिंगमध्येही घोटे आणि मनगटं जातात, त्यामुळे पडायचं कसं हे पहिल्या दहा मिनिटांत शिकवल्याशिवाय कोणाला वर सोडू नका, मग तो कोणाचाही मित्र असो. हमीपत्रावर अठराच्या खालच्या पोराची सही कामाची नाही, पालकाचीच घ्या. आणि ती घेतली म्हणून तुमचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. पब्लिक लायबिलिटीचा विमा प्रत्येक शाखेचा वेगळा तपासा.

ऐरोलीचा हट्ट गुंतवणूकदार सोडत नसेल तर त्याला मधला मार्ग दाखवा. पूर्ण जिम नको, बोर्डची खोली, म्हणजे ठरलेल्या होल्डची एक छोटी झुकलेली भिंत. मूनबोर्ड ३.१५ मीटर उंच आणि २.४४ मीटर रुंद, ४० अंशांचा, होल्डची मांडणी जगभर एकच. प्रॉब्लेम ॲपमध्ये असतात, एलईडी पेटतात, सेटर लागत नाही. चार मीटर उंचीच्या साध्या गाळ्यात बसतो. मात्र तो नवशिक्याला झेपत नाही. म्हणून त्याच्या शेजारी कोन बदलता येणारा किल्टर बोर्ड लावा, म्हणजे कोन कमी ठेवला की आयटीवाला दुसऱ्या आठवड्यातही टिकतो. हजार-बाराशे चौरस फूट, एक कोच, संध्याकाळी पाच ते दहा. ठाण्याचे मेंबर तिकडे गेले तरी त्यांचं कार्ड तुमचंच राहतं, आणि ऐरोलीचा बाजार खरंच आहे का हे तुम्हाला कमी भाड्यात कळतं.

राहिला करार. प्रत्येक शाखेची वेगळी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा, म्हणजे बेलापूर अडकलं तर ठाणं ओढलं जाणार नाही. शाखांची संख्या आणि तारखा करारात लिहून देऊ नका. त्याऐवजी टप्पे लिहा: ठाण्याचं वार्षिक नूतनीकरण अमुक टक्क्यांवर, दोन सेटर तुमच्याशिवाय सलग तीन महिने भिंत फिरवतायत, मग बेलापूरचा पैसा. बेलापूर सलग सहा महिने स्वतःचं भाडं आणि पगार काढतंय, मग पुढची चर्चा. नाव, सेटिंग आणि सुरक्षिततेचे निर्णय तुमच्याकडे. फ्रँचायझीचा विषय आत्ता काढला तर नाही म्हणा, कारण रॉयल्टी घेऊन दुसऱ्याच्या मॅटमधली फट तुम्हाला बुजवता येणार नाही आणि त्या फटीत घोटा गेला की बातमीत नाव तुमचं येईल. तो "तीन नाहीतर काही नाही" म्हणाला तर मी पैसे घेणार नाही. एका शाखेपुरतं बँकेचं कर्ज आणि ठाण्याचा नफा मिळून भागतं का ते आधी तपासा. तीन वर्षांचा ताळेबंद हातात असलेल्या जिमला बँक सहसा दारातून परत पाठवत नाही.

आणि गाळा मे महिन्यात पसंत पडला तरी टोकन देण्याआधी वरच्या मजल्यावरच्या किंवा शेजारच्या भाडेकरूला गाठून विचारा की जुलैत पाणी कुठून येतं.